आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर

शिडाच्या बोटीने हिंदी महासागर ओलांडण्याची तयारी कशी करतात, असे कोल्हापूरचे नातेवाईक आणि मित्रमंडळी फोनवर विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात वादळे, शार्क मासे आणि खाण्यापिण्याचे हाल असतात. प्रत्यक्षात या तयारीचा सर्वांत मोठा भाग दिनदर्शिका समोर ठेवून होतो. कोणत्या महिन्यात कोणत्या समुद्रात असायचे नाही हे एकदा पक्के झाले की मार्ग बराचसा आपोआप ठरतो. पाणी, धान्य, डिझेल आणि दोरखंड यांचा हिशेब त्यानंतरचा.

मी आणि माझे पती मलेशियातील लंकावी बेटाजवळ आमच्या बारा मीटर लांबीच्या बोटीवर राहतो. येथून सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरून कोकोस बेटे, तेथून रॉड्रिग्ज, मॉरिशस, रियुनियन आणि अखेरीस दक्षिण आफ्रिकेचे रिचर्ड्स बे बंदर असा आमचा बेत आहे. पूर्वी या भागातील बऱ्याच बोटी श्रीलंका व मालदीवमार्गे तांबड्या समुद्रातून युरोपकडे जात. नोव्हेंबर २०२३ पासून तेथे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेकांनी आफ्रिकेला वळसा घालण्याचा लांबचा मार्ग पत्करला आहे आणि आम्हीही तोच निवडला आहे.

हे नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे करावे लागते. दक्षिण हिंदी महासागरात चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो, म्हणून मॉरिशस आणि रियुनियनचा परिसर त्याआधी मागे टाकला पाहिजे. चक्रीवादळाला सुमारे २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार समुद्र लागतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे मिळणारी फिरकीही लागते आणि ती विषुववृत्तालगत फारच क्षीण असते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत. लंकावी ६ अंश उत्तरेला, या पट्ट्याच्या अगदी कडेला असल्यामुळे ते वर्षभर बोट ठेवण्यास बरेच सुरक्षित मानले जाते. याला अपवाद नाही असे नाही. डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचे वादळ विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर, सिंगापूरजवळ तयार झाले होते. अशा एका उदाहरणाने हा नियम मोडत नाही, पण विषुववृत्ताजवळ काही होणारच नाही अशी खात्री कोणी देऊ लागला तर ते उदाहरण आठवावे.

दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिकेचा हिवाळा आहे. जून ते ऑगस्टमध्ये त्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून एकामागून एक थंड हवेचे पट्टे येऊन आदळतात, म्हणून तेथे फार लवकर पोहोचण्यातही शहाणपण नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबरचा आरंभ ही तेथे पोहोचण्याची योग्य वेळ धरली, तर मॉरिशसला सप्टेंबर, कोकोसला जुलै-ऑगस्ट आणि लंकावी सोडण्यास मे-जून असा क्रम मागे मागे जुळत येतो.

कोल्हापूरच्या वाचकांसाठी या मार्गातली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट मला वेगळीच वाटते. कोकोस ते रॉड्रिग्ज या टप्प्यात बोट ज्या आग्नेय व्यापारी वाऱ्यांवर चालते, त्या वाऱ्यांचा उगम मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या मॅस्करीन बेटांच्या दक्षिणेला असलेल्या उच्चदाबाच्या क्षेत्रात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर हवामानाच्या बातम्यांत ‘मॅस्करीन उच्चदाब’ हे नाव आपण ऐकतो, ते हेच. तेथून निघालेला वारा वायव्येकडे वाहत विषुववृत्ताशी येतो, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते ओलांडतो, उत्तर गोलार्धात शिरताच उजवीकडे वळतो आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेऊन अरबी समुद्रावर पसरतो. वाटेत बाष्प घेऊन तो सह्याद्रीवर आदळला की गगनबावडा आणि राधानगरीत पावसाची झड लागते. म्हणजे आषाढात आपण ज्या पावसाची वाट पाहतो, तो आणणारा वारा आमच्या शिडांना जोर देणाऱ्या वाऱ्याच्याच घरातला आहे. हे मला नकाशावर प्रथम नीट उमगले, तेव्हा घरापासून इतक्या दूर जाण्याची धास्ती बरीच कमी झाली.

पण हे नाते सुखाचेच आहे असे नाही. मॅस्करीन उच्चदाब प्रबळ असला की व्यापारी वारेही प्रबळ होतात. जुलै-ऑगस्टमध्ये या टप्प्यावर २० ते २५ नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वारा दिवसेंदिवस टिकतो आणि मध्येच तो तिशीला पोहोचतो. त्यातच दूर दक्षिणेच्या थंड महासागरात उठलेल्या लांब लाटा नैर्ऋत्येकडून येत राहतात आणि वाऱ्याने उठवलेल्या आग्नेयेकडच्या लाटांना तिरक्या छेदतात. बोट एका लयीत डुलत नाही, मधूनच आडवा हिसका देते. अटलांटिकमधून कॅनरी बेटांपासून कॅरिबियनला जाणारा मार्ग याच जातीच्या वाऱ्यांचा असला, तरी तो त्या मानाने सौम्य समजला जातो. उबदार पाणी म्हणजे शांत पाणी, ही समजूत प्रवासाला निघण्यापूर्वीच मनातून काढून टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन.

हवामानाचा अंदाज असताना दिनदर्शिकेवर एवढा भर कशासाठी, असा प्रश्न येतो. कोकोस ते रॉड्रिग्ज हे अंतर सुमारे २,००० सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. आमच्यासारखी बोट सरासरी साडेपाच नॉटने चालली तर दिवसाला १३२ सागरी मैल होतात आणि या टप्प्याला पंधरा दिवस लागतात. अमेरिकी किंवा युरोपीय संगणकीय प्रारूपांचे अंदाज पहिल्या पाच-सात दिवसांपुरते भरवशाचे असतात. पुढच्या आठवड्यासाठी आधार उरतो तो त्या महिन्यात त्या चौकोनात वारा सहसा कोठून आणि किती वाहतो याच्या नोंदींचा. अशा नोंदी नकाशावर मांडण्याचे काम अमेरिकी नौदलातील मॅथ्यू मॉरी यांनी शेकडो जहाजांच्या दैनंदिन नोंदवह्या गोळा करून केले आणि त्यांचे पहिले नकाशे १८४७ मध्ये निघाले. त्याच परंपरेतले महिनावार नकाशे आजही आमच्या टेबलावर असतात.

हंगाम आणि अंदाज यांच्या पलीकडे तिसरी गोष्ट म्हणजे स्वतःसाठी आधीच आखलेल्या मर्यादा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोरड्या दिवसांतच ठरलेले असते, त्यामुळे पाणी चढू लागल्यावर वाद घालत बसावे लागत नाही. तसेच आमच्या वहीत वाऱ्याचे आकडे लिहिलेले आहेत. २० नॉटला मोठे शीड एक टप्पा आखूड करायचे, २८ नॉटला आणखी एक टप्पा, आणि सूर्यास्तापूर्वी वारा कितीही असला तरी रात्रीपुरते शीड कमी करूनच झोपायला जायचे. थकलेल्या माणसाचा रात्री दोन वाजताचा निर्णय आणि बंदरात चहा पिताना घेतलेला निर्णय यांत फार फरक असतो.

तारखेविषयी घरच्यांशी बोलणे मात्र सर्वांत अवघड जाते. माझ्या मामांनी फोनवर विचारले, “मॉरिशसला कोणत्या तारखेला पोचणार सांग बाळ, म्हणजे मी तिकीट काढतो.” मी त्यांना म्हटले, “मामा, तुम्ही तारीख ठरवा, ठिकाण मी मागाहून कळवते. नाहीतर ठिकाण ठरवा आणि तारीख मोकळी ठेवा.” कोणाला तरी विमानतळावर घ्यायला जायचे आहे म्हणून खराब हवामानात बंदर सोडणे, हे अशा प्रवासातील संकटांचे फार जुने कारण आहे. मॉरिशसमध्ये मराठी वंशाचे लोक एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि गणेश चतुर्थीनिमित्त तेथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे गणपतीला तेथे असावे ही आमचीही मनापासून इच्छा आहे. ती इच्छा म्हणूनच आमच्या वहीत लिहिलेली आहे, मुदत म्हणून नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तो कडकपणे पाळावा लागतो. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी उष्ण हवेत माणशी रोज चार लिटर धरतो. पंधरा दिवसांचा टप्पा असला तरी साठा दीडपट, म्हणजे बावीस दिवसांचा करतो. दोघांसाठी हे १७६ लिटर होतात. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र बोटीवर आहे, पण या हिशेबात त्याचे पाणी आम्ही धरत नाही. यंत्र चालले तर अंघोळ सुखाची, बंद पडले तरी प्रवास सुरक्षित. डिझेलचा मुख्य उपयोग विषुववृत्तीय शांत पट्टा ओलांडताना होतो, कारण सुमात्राजवळ वारा कधी पूर्ण पडतो, कधी काळ्या ढगाखालून अचानक झेपावतो.

स्वयंपाकघराबद्दल आत्या आणि मावश्या सर्वांत जास्त विचारतात. कांदे, बटाटे, लाल भोपळा आणि कोबी हे आठवडे टिकतात. पुठ्ठ्याची खोकी आम्ही बोटीवर आणत नाही, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. प्रेशर कुकरचे झाकण घट्ट बसत असल्यामुळे बोट कितीही हलली तरी उकळता रस्सा अंगावर सांडत नाही आणि गॅसही वाचतो, म्हणून कोल्हापूरहून आणलेल्या भांड्यांत माझ्या दृष्टीने त्याचा मान पहिला. मटकीला या हवेत एका रात्रीत मोड येतात आणि दुसऱ्या आठवड्यात हिरवी भाजी संपल्यावर तेवढेच ताजे अन्न उरते. ज्वारीचे पीठ मात्र दमट उष्णतेत लवकर कडवट होते, त्यामुळे ते हवा काढून बंद केलेल्या लहान पिशव्यांत ठेवावे लागते. कांदा-लसूण मसाला, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी यांना तशी काळजी लागत नाही. कोकोस बेटे ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत आहेत, तेथे व्हिसा आधी काढावा लागतो आणि ताजी फळे, भाज्या, बिया यांची कडक तपासणी होते, म्हणून तेथे पोहोचेपर्यंत ते सारे संपेल असा बेत ठेवला आहे.

उबदार पाणी बोटीला झिजवते, हे येथे राहिल्याखेरीज नीट कळत नाही. तळाला शेवाळ आणि शंखशिंपले इतक्या लवकर चिकटतात की निघण्यापूर्वी तळ घासला नाही तर बोटीचा वेग उतरतो आणि पाण्याचा वर मांडलेला हिशेबही चुकतो. डिझेलच्या टाकीत दमट हवेचे पाणी साचले की पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा बुळबुळीत थर गाळणीत अडकतो आणि इंजिन नेमके लाटांनी टाकी ढवळली की बंद पडते. त्यामुळे टाकी शक्यतो भरलेली ठेवणे, तळाचे पाणी काढणे आणि जादा गाळण्या बरोबर घेणे हे ओघाने आलेच. शिडाचे कापड शाबूत असताना उन्हाने शिवणीचा दोरा आधी कुजतो, म्हणून प्रत्येक शिवण नखाने ओढून पाहतो. एकाच वाऱ्यावर पंधरा दिवस चालताना दोर एकाच जागी घासत राहतो, त्यामुळे तो रोज हातभर पुढेमागे सरकवायचा.

दोघांनी चोवीस तास पहारा द्यायचा म्हणजे रात्री तीन-तीन तासांची पाळी. मोठी जहाजे स्वतःची जागा रेडिओवरून सतत प्रसारित करतात आणि ती आमच्या पडद्यावर दिसतात, पण मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या लहान मासेमारी होड्या तशा दिसत नाहीत, कित्येकींवर दिवाही नसतो. त्याच भागात नैर्ऋत्य मोसमी काळात ‘सुमात्रा’ नावाने ओळखली जाणारी वादळी ढगांची रांग बहुधा रात्री किंवा पहाटे येते आणि काही मिनिटांत वारा ४० नॉटच्या पुढेही जाऊ शकतो. अभिलाष टॉमी यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २०१२-१३ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून, मधल्या बंदरांत थांबत, ती केली. त्या थंड, दक्षिणेच्या समुद्रांतल्या मोहिमा होत्या आणि आमचा प्रवास त्यापुढे लहान आहे. तरी झोपेची शिस्त कशी ठेवावी हे अशाच दर्यावर्दींकडून शिकावे असे मला वाटते.

सर्वांत जास्त विचार मात्र अखेरच्या टप्प्याचा चालू आहे. रियुनियन ते रिचर्ड्स बे सुमारे १,४०० सागरी मैल आहे. मादागास्करच्या दक्षिण टोकापासून शंभर-दीडशे सागरी मैल दूर राहून जावे लागते, कारण तेथील उथळ भागावर लाटा आणि प्रवाह एकमेकांत गुंततात. त्यानंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडे वाहणारा अगुल्हास प्रवाह येतो. तो काही ठिकाणी पाच नॉटपर्यंत वेगाने वाहतो. नैर्ऋत्येचा वादळी वारा या प्रवाहाच्या समोरून आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि मोठी जहाजेही त्यात सापडून जायबंदी झालेली आहेत. येथे उपाय एकच आहे. नैर्ऋत्येचा वारा येणार असेल तर प्रवाहाच्या पूर्वेला, उघड्या समुद्रात थांबायचे, तो निघून जाऊ द्यायचा आणि वायुभारमापक पुन्हा चढू लागल्यावर पुढच्या वाऱ्याच्या आत प्रवाह ओलांडून बंदरात शिरायचे. किनारा ऐंशी-नव्वद मैलांवर असताना दोन-तीन दिवस जागेवर थांबण्याचा धीर त्यासाठी लागतो, म्हणून रियुनियनहून निघताना डिझेलची टाकी पूर्ण भरायची आणि धान्यपाणी आणखी आठवडाभराचे जादा घ्यायचे, असे आम्ही आताच लिहून ठेवले आहे.