पोस्ट टाकायची भीती आणि सोशल ॲपची वाढ

सोशल नेटवर्किंगचं स्टार्टअप काढलेली मंडळी भेटली की बोलणं हमखास फीचर्सवर जातं, आमच्याकडे हे आहे, ते पुढच्या महिन्यात येतंय, डिझाईन बघा किती स्मूद आहे वगैरे, आणि मी प्रत्येक वेळी एकच विचारते की नवीन माणसाने पहिली पोस्ट टाकल्यावर पुढच्या तासाभरात काय होतं? याचं उत्तर फार कमी जणांकडे असतं, आणि माझं ठाम मत आहे की सगळी ग्रोथ तिथेच अडकलेली असते.

कारण पोस्ट टाकायला माणूस घाबरतो. आपलं बोलणं फालतू वाटेल का, फोटो बरा आलाय का, कोणी बघितलंच नाही तर? अनोळखी लोकांनी भरलेल्या खोलीत तुम्ही काहीतरी बोललात आणि एकानेही मान वर केली नाही तर परत तोंड उघडाल का? ॲपवर पण हेच होतं, फक्त निघून गेलेला माणूस तिथे दिसत नाही, डाउनलोडचा आकडा आहे तेवढाच राहतो आणि टीम खूश असते.

इंस्टाग्रामची गोष्ट मला यासाठीच फार आवडते. केविन सिस्ट्रॉम आणि माईक क्रीगर यांचं आधीचं ॲप होतं बर्बन, त्यात चेक-इन होतं, म्हणजे आपण कुठे आहोत ते मित्रांना सांगणं, प्लॅन बनवणं होतं, पॉइंट्स होते, फोटो पण होते. लोक नक्की काय वापरतायत ते त्यांनी बघितलं तर फोटो, मग बाकीचं जवळजवळ सगळं काढून टाकलं. पण खरी गंमत पुढे आहे. सिस्ट्रॉमने स्वतः सांगितलंय की त्याची तेव्हाची गर्लफ्रेंड म्हणाली, मी हे ॲप वापरेन असं वाटत नाही, माझे फोटो चांगले येत नाहीत, तुझ्या मित्राचे बघ किती छान असतात. मित्र फोटोवर फिल्टर लावायचा! मग सिस्ट्रॉमने बसून पहिला फिल्टर बनवला, एक्स-प्रो टू. तेव्हा फोनचे कॅमेरे खरंच यथातथा होते आणि फिल्टरमुळे साध्या फोटोची लाज वाटेनाशी झाली. ६ ऑक्टोबर २०१० ला ॲप आलं, पहिल्याच दिवशी २५ हजार लोक, आणि एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने १ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं तेव्हा टीम होती फक्त १३ जणांची. फिल्टर ही टेक्नॉलॉजी म्हणून काही फार मोठी गोष्ट नव्हती, तशी ॲप्स आधीपासून होती, यांनी संकोच कुठे आहे ते ओळखलं एवढंच.

दुसरा भाग म्हणजे ओळखीचे चेहरे. फेसबुकच्या ग्रोथ टीमचा (युजर्स वाढवणाऱ्या टीमचा) तेव्हाचा प्रमुख चमथ पलिहापिटिया याने नंतर जाहीरपणे सांगितलं की त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, नवीन माणसाला १० दिवसांत ७ फ्रेंड्स मिळवून द्यायचे. आता बरेच जण हा ७ चा आकडा मंत्रासारखा घेऊन बसतात आणि आपल्या ॲपसाठी पण असाच जादूचा आकडा शोधत राहतात, पण आकड्यामागचं कारण बघा ना, फीड, म्हणजे पोस्टची यादी, उघडल्यावर रोज कोणीतरी आपलं माणूस दिसलं पाहिजे म्हणून तो आकडा. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये फक्त हार्वर्डपुरतं सुरू झालं त्याचा फायदा हाच होता, वर्गातली, हॉस्टेलमधली माणसं पहिल्याच दिवशी तिथे सापडायची. म्हणून मी म्हणते सगळ्या जगासाठी ॲप काढू नका, आधीच एकमेकांना ओळखणाऱ्या एका छोट्या ग्रुपसाठी काढा, आणि पहिले शंभरेक लोक असतील तर त्यांची प्रत्येक पोस्ट फाउंडरने स्वतः वाचून उत्तर द्यावं, कितीही वेळ गेला तरी.

याउलट गूगलचं सोशल नेटवर्क, गूगल प्लस. २०११ मध्ये आलं, सर्कल्सची, म्हणजे ओळखीच्यांना वेगवेगळ्या गटांत टाकायची कल्पना कागदावर अगदी बरोबर होती, आपण ऑफिसात वेगळे असतो, घरी वेगळे, मित्रांत वेगळे. पण हे आपण नकळत करतो, बसून याद्या बनवून नाही करत, आणि कोणाला 'जवळचे' मधे टाकायचं कोणाला 'ओळखीचे' मधे हे ठरवताना जीवावर येतं. बंद पडायला बाकी पण कारणं होती, पण २०१९ मध्ये सामान्य युजर्ससाठी ते बंद झालं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.

पाथ नावाच्या सोशल ॲपचं तर अजून वाईट वाटतं. २०१० मध्ये ५० मित्रांची मर्यादा घालून ते सुरू झालं, आधार होता संशोधक रॉबिन डनबरच्या कामाचा, की माणूस साधारण १५० लोकांशीच खरं नातं टिकवू शकतो, आणि त्यातली जवळची तर साधारण ५०च. संशोधन चांगलंच आहे. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीसारखी नवीन माहिती बऱ्याचदा जवळच्यांकडून नाही तर लांबच्या ओळखीतून येते, म्हणजे माणसाला जवळचे पण हवे असतात आणि लांबचे पण. शिवाय जवळच्यांशी आपण फोनवर बोलतोच की. पाथ २०१८ मध्ये बंद झालं.

आणि एक गोष्ट जी फाउंडर लोक फार चुकीची शिकतात. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हा लाखो लोक विरोधाच्या ग्रुपमध्ये जमले, तरी वापर वाढत गेला, म्हणून आता सगळे म्हणतात लोक ओरडतात आणि नंतर सवय होते. पण लोक उगाच ओरडत नव्हते हो, आधी कोणीतरी प्रोफाईलवर येऊन बघायचं ते आता न विचारता सगळ्यांसमोर मांडलं जात होतं, आणि कंपनीला काही दिवसांतच प्रायव्हसीची जास्त सेटिंग्ज द्यावी लागली. फीड टिकलं आणि तक्रारही खरी होती, दोन्ही एकाच वेळी.

लाईकचं पण असंच झालं. २००९ मध्ये फेसबुकवर बटण आलं तेव्हा नुसतं वाचून जाणाऱ्या माणसाला एका टॅपमध्ये 'मी बघितलं' म्हणता यायला लागलं, पोस्ट टाकणाऱ्याला धीर आला. पण तेच आकडे सगळ्यांना दिसायचे, म्हणून परत भीती सुरू, कमी लाईक आले म्हणून पोस्ट डिलीट करणारी कितीतरी मुलं आहेत. स्नॅपचॅटने २०१३ मध्ये २४ तासांत गायब होणाऱ्या स्टोरीज आणल्या त्या एवढ्या चालल्या यात मला तरी नवल वाटत नाही, तिथे लाईकचा आकडा चारचौघांत टांगलेला नव्हता आणि उद्या सगळं पुसलं जाणार होतं. इंस्टाग्रामने २०१६ मध्ये तेच उचललं, आणि २०२१ मध्ये लाईकचे आकडे लपवायचा पर्याय पण सगळ्यांना दिला.