एकच भत्ता, दोन हिशेब

मार्च 2025 मधला शनिवार. न्यू जर्सीतल्या एका ग्रंथालयात आमचं ‘वीटा’चं टेबल लागलं होतं. कमी उत्पन्नाच्या लोकांची कर-विवरणपत्रं स्वयंसेवकांकडून मोफत भरून द्यायचा हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, उपक्रम. चोवीस वर्षांची एक मुलगी येऊन बसली आणि तिने तीन कागद पुढे केले: अमेरिकॉर्प्सच्या (केंद्र सरकारच्या समाजसेवा कार्यक्रमाच्या) भत्त्याचा डब्ल्यू-2, म्हणजे पगाराचा वार्षिक कर-दाखला, 6,895 डॉलरचा 1099-मिस्क, म्हणजे पगाराव्यतिरिक्त उत्पन्नाचा दाखला, आणि फेरतपासणीनंतर फूड स्टॅम्प, म्हणजे धान्य-किराण्याची सरकारी मदत, महिना 292 वरून 95 डॉलरवर आणल्याची नोटीस. तिच्या मते 1099 चुकून आला होता आणि नोटीस बरोबर होती. कागद पाहिले तर नेमकं उलटं.

आधी कर. एका शाळेत मुलांना वाचन शिकवण्याची पूर्णवेळ सेवा, म्हणजे 1,700 तास, तिने 2024 च्या उन्हाळ्यात पुरी केली आणि लगेच दुसरी सुरू केली. महिना 1,750 प्रमाणे वर्षाचा भत्ता 21,000. ही रक्कम डब्ल्यू-2 वर येते आणि ती करपात्र असते, हे तिला ठाऊक होतं. घोळ झाला तो सेवेनंतर मिळणाऱ्या शिक्षण-पुरस्कारात. तिने अमेरिकॉर्प्सच्या पोर्टलवरून तो सगळा शैक्षणिक कर्जाकडे वळवला. पैसे थेट कर्ज कंपनीकडे गेले, तिच्या खात्यात एक सेंटही आला नाही, म्हणून ते उत्पन्न नाही असं तिने धरलं. पण पुरस्कार ज्या वर्षी वापरला जातो त्या वर्षी तो उत्पन्नात येतो. त्यातून कर कापून घेतला जात नाही, आणि 1099 पोर्टलवर ठेवला जातो. तो उघडून पाहिलाच नाही तर कळणार कुठून?

एकट्या व्यक्तीची 2024 ची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातला करमुक्त भाग, 14,600. फक्त भत्ता धरला तर कर 643, कापलेला 655. म्हणजे 12 डॉलर परत. 1099 मिस्कमधला आकडा शेड्यूल 1 वर ‘इतर उत्पन्न’ म्हणून घातला की कर 1,361 होतो आणि 706 भरायचे निघतात. आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. बाकी हजाराच्या आत असल्यामुळे कमी कर भरल्याचा दंड मात्र लागला नाही, आणि 180 दिवसांच्या आत फेडायची मुदत अर्जाचं शुल्क न देता मिळते. पुरस्कार वापरायच्या वर्षाच्या सुरुवातीलाच डब्ल्यू-4 च्या (भत्त्यातून कर किती कापायचा ते सांगणाऱ्या फॉर्मच्या) 4(सी) ओळीत महिन्याला साठ डॉलर जादा कापायला सांगितलं असतं, तर हा धक्का बसलाच नसता. हेच पैसे पदव्युत्तर फीला लावले असते, तर फीवरची वीस टक्के शिक्षण-सवलत मिळून सगळा केंद्रीय कर पुसला जाऊ शकला असता.

आता नोटीस. हिशेबाच्या पानावर ‘कमावलेलं उत्पन्न 1,750’ असं छापलेलं होतं. कमाईवरची वीस टक्के सूट आणि 204 ची ठराविक सूट वजा, उरले 1,196. त्याचे तीस टक्के कमाल मदतीतून, म्हणजे 292 मधून, वजा करतात; ते 292 च्याही वर जातात, म्हणून हातात राहिले फक्त न्यू जर्सीचे किमान 95. गणित चोख होतं, पण मुळात तो 1,750 चा आकडा तिथे यायलाच नको होता. अमेरिकॉर्प्स स्टेट अँड नॅशनलचा (तिची सेवा ज्या शाखेत होती तिचा) भत्ता गरजेवर आधारलेल्या केंद्रीय मदतीत उत्पन्न धरायचा नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे (अमेरिकेच्या केंद्रीय कायदेसंग्रहातल्या 42व्या भागाचं कलम 12637, उपकलम डी). तरी ही चूक होते, कारण पे-स्टब पगारासारखाच दिसतो आणि वेतनाची इलेक्ट्रॉनिक पडताळणीही त्याला वेतनच म्हणते. घरभाड्याच्या केंद्रीय मदतीतही हा भत्ता वगळतात. अमेरिकॉर्प्सच्याच व्हिस्टा या दुसऱ्या शाखेचं वेगळं आहे: फूड स्टॅम्पमध्ये तिथला भत्ता वगळायचा असेल, तर सेवेत येतानाच सरकारी मदत चालू असावी लागते. मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी आरोग्य विम्यालाही, हा नियम लावू नका. तिथे कराचंच उत्पन्न पाहतात, भत्ता धरला जातो. 2025 मध्ये एकट्या माणसाची मर्यादा महिना सुमारे 1,800 असल्यामुळे ती जेमतेम आत बसली.

मी तिला कार्यक्रमाच्या कार्यालयाकडून एक पत्र आणायला सांगितलं. त्यात सेवेचा प्रकार (‘स्टेट अँड नॅशनल, व्हिस्टा नव्हे’), सुरू आणि संपण्याच्या तारखा, भत्त्याची रक्कम आणि कलमाचा क्रमांक, एवढं सगळं स्पष्ट हवं. पत्र नोटिशीच्या प्रतीसोबत जोडायचं आणि त्याच अर्जात सुनावणीची मागणीही लिहायची. त्यासाठी नोटिशीपासून 90 दिवस असतात आणि तिचे सत्तरेक उलटून गेले होते. निव्वळ फोनवर बोलत बसली असती तर मुदत संपली असती. अर्ज हातोहात देऊन पोच घ्यायला लावली.

आपल्या मराठी घरांतली, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेली मुलंही या सेवेत जातात. बावीसच्या आतलं मूल आईवडिलांकडे राहत असेल, तर फूड स्टॅम्पसाठी ते त्यांच्याच कुटुंबात धरतात, एवढं लक्षात असू द्या.

सुनावणीपर्यंत वेळच आली नाही. एप्रिलच्या अखेरीस 292 पूर्ववत झाले आणि जानेवारीपासूनच्या चार महिन्यांचा फरक, 788 डॉलर, तिच्या कार्डावर जमा झाला.