ग्लॉक १९ ची जुळवाजुळव : माझा अनुभव

डॅलसच्या उपनगरात स्थायिक झाल्यावर घरात पिस्तूल असावे की नसावे यावर आमच्याकडे बराच खल झाला, आणि नागरिकत्व मिळाल्यानंतर मी ग्लॉक १९ हे ९ मिलिमीटरचे कॉम्पॅक्ट पिस्तूल घेतले. त्याआधीचा माझा शस्त्रानुभव म्हणजे महाविद्यालयातील एनसीसीत झाडलेली .२२ ची रायफल, एवढाच. खरेदी फारच लवकर आटोपली. बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म ४४७३ भरला, चालक परवाना दाखवला आणि दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडून माझी पार्श्वभूमी तपासून घेतली. टेक्सासमध्ये वेगळी नोंदणी नाही आणि खरेदीनंतर थांबावेही लागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना आणि पोलीस चौकशी यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा वेग थोडा दचकवतो. (ग्रीन कार्डधारकांना खरेदी करता येते, एच-१बी व्हिसावर असलेल्यांना मात्र, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे.)

सोबत काय काय घ्यावे याबद्दल दुकानात भरपूर सल्ले मिळाले. मी सर्वांत आधी घेतली ती बटणांचे यांत्रिक कुलूप असलेली पोलादी पेटी. घरात शाळकरी मूल आहे, आणि सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे निष्काळजीपणे ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. पिस्तुलाबरोबर तारेचे कुलूप येतेच, पण रात्री अंधारात ते काढत बसणे व्यवहार्य नाही.

पहिल्यांदा पिस्तूल उघडले ते काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवूनच. ग्लॉकची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) काढण्याआधी चाप ओढावा लागतो, आणि म्हणूनच मॅगझिन काढल्यावर चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहणे आणि शिवाय बोट घालून चाचपणे, यात कुचराई चालत नाही. आत स्लाइडच्या खाचांजवळ तांब्याच्या रंगाचे वंगण दिसले. नवख्या माणसाला ती घाण वाटते आणि फडके घेऊन पुसावेसे वाटते, पण ते कारखान्यातूनच मुद्दाम लावलेले असते आणि स्लाइडला दीर्घकाळ वंगण मिळत राहावे म्हणून ते तसेच ठेवायचे, असे पुस्तिका सांगते. मुठीच्या पाठीला लावायचे जादा तुकडेही खोक्यात होते. माझा पंजा लहान असल्याने मी एकही लावला नाही. पकड बेताची झाली की पहिले बोट चापावर सरळ पडते, आणि पुढे नेम डावीकडे का जातो या कोड्याचा निम्मा भाग तिथेच सुटतो.

त्यानंतर काही आठवडे मी काहीही न जोडता रेंजवर सराव केला. हे मी जाणूनबुजून केले, कारण या पिस्तुलाला जोडलेली प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूवर अट घालते. दिवा लावला की होल्स्टर बदलते; रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारे नेमाचे उपकरण) लावला की नेम धरायचे मूळचे बुटके साइट त्याच्या मागे झाकले जातात आणि उंच साइट घ्यावे लागतात. म्हणून दिवा आणि होल्स्टर यांची निवड मी एकत्रच केली. दिवा स्ट्रीमलाइटचा टीएलआर-७ए, ५०० ल्युमेनचा, नळीखालच्या रेलवर घट्ट बसणारा. होल्स्टर कायडेक्स या कडक प्लास्टिकचे, नेमके याच पिस्तुलासाठी आणि याच दिव्यासाठी साच्यात घडवलेले. दिव्यामुळे होल्स्टरचे तोंड रुंद होते, तेव्हा त्या फटीतून बोट किंवा सदऱ्याचे टोक चापापर्यंत पोहोचत नाही ना, हे रिकामे पिस्तूल आत घालून मी बराच वेळ पाहत होतो. बंद दारामागचा आवाज तपासायला मात्र साधी विजेरीच वापरायची, कारण पिस्तुलावरचा दिवा जिकडे वळतो तिकडे नळीही वळते.

रेड डॉट सर्वांत शेवटी बसवला. माझे पिस्तूल एमओएस प्रकारचे, म्हणजे स्लाइडवरचे झाकण काढून त्याजागी धातूची पट्टी बसवण्याची सोय असलेले. माझ्या रेड डॉटसाठी, म्हणजे होलोसन ५०७सी साठी, त्यातली ०२ क्रमांकाची पट्टी लागते. इथे स्क्रूच्या लांबीला फार महत्त्व आहे. उजवीकडचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल तर तो एक्स्ट्रॅक्टरमागच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यामागच्या) दांडीच्या वाटेत उतरतो, आणि मग रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही. आटे तेलमुक्त करून निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावला, टॉर्कच्या पान्याने पुस्तिकेत दिला आहे तेवढाच जोर दिला, आणि स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढली, म्हणजे स्क्रू सैल होऊ लागला की रेघ तुटलेली दिसते. नेम २५ यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर मनगटे टेकवून जुळवला. तेवढ्या अंतरावर एका क्लिकने गोळी साधारण साडेसहा मिलिमीटर सरकते, त्यामुळे एका गोळीवर विश्वास न ठेवता चार-पाच गोळ्यांचा पुंजका पाहूनच क्लिक फिरवावे.

चापाच्या हलक्या स्प्रिंगा, वाढीव बटणे, सोनेरी नळी यांतले काहीच घेतले नाही. या पिस्तुलाला बाहेरून हाताने लावायची सेफ्टी नाही. चाप, फायरिंग पिन आणि पडल्यावर झडू नये यासाठीची अशा तिन्ही सेफ्टी आतल्याच सुट्या भागांवर चालतात, तेव्हा तिथले कारखान्याचे गणित मला बिघडवायचे नव्हते. वाचलेले पैसे ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) साध्या काडतुसांवर खर्च झाले. घरासाठी ठेवायची १२४ ग्रेनची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली) काडतुसे महाग असतात, तरी तीही दिवा आणि रेड डॉट लावलेल्या स्थितीत सगळ्या मॅगझिनमधून झाडून पाहिली, कारण टोकाच्या आकारामुळे ती क्वचित चेंबरच्या तोंडाशी अडतात. माझ्या पिस्तुलात ती अडली नाहीत, आणि मगच ती पेटीत ठेवली.