पिशवी

फोनवर मी एवढंच म्हणाले होते, "आजी, मंगळवारी पोराला घेऊन समितीसमोर या." दहा घरी म्हणते, तसंच.

मंगळवारी, निराधार मुलांबाबत निर्णय देणाऱ्या बाल कल्याण समितीच्या दाराबाहेर आजी बाकड्यावर बसल्या होत्या. शेजारी नऊ वर्षांचा नातू, इस्त्रीचा शर्ट, केस तेलानं चापून बसवलेले. मांडीवर कापडी पिशवी, तिला तंबाखूचा वास. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांच्या घरात तो धुतलेल्या कपड्यांनाही येतो. मी आधारकार्ड मागितलं तशी त्यांनी पिशवी उघडली. आत गणवेश, दोन चड्ड्या, पंचा, फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तळाला घडी घातलेली जुनी चादर.

"ही चादर त्याच्यासंगं ठेवा मॅडम. तिच्याबिगर झोपत न्हाई त्यो."

आजी पोराला सोपवायला आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मुलगी वारल्यावर जावई कामाला म्हणून तेलंगणात गेला, तो परतलाच नाही. दोन वर्षं विड्या वळून त्यांनी नातवाला सांभाळलं होतं. आता सरकारला वाटलं की आपल्याच्यानं होत नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि पोराला? त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तो भिंतीवरचा नकाशा बघत होता.

मी खाली बसून त्यांचा हात धरला. बालसंगोपन योजनेत मूल घरीच राहतं, महिन्याला २२५० रुपये मिळतात, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. त्यासाठी समितीचा आदेश लागतो, म्हणून बोलावलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. हे सगळं मी आधी फोनवर सांगायला हवं होतं. त्या चार दिवसांत ही बाई जेवली असेल का, हा विचार आजही मला सोडत नाही.

"म्हंजे नेणार न्हाई?" त्यांनी तीनदा विचारलं. मग नातवाशी तेलुगूत काहीतरी बोलल्या. तो म्हणाला, "अम्मम्मा, भूक लागली." तिथंच बाकड्यावर फडकं सोडलं.

आदेश झाला. बँकेत मात्र मशीनवर अंगठा उठेना. वर्षानुवर्षं पानं कातरून, दोरा आवळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. डोळ्यांवरून ओळख पटवायला दुसऱ्या ठिकाणी नेलं, अर्धा दिवस गेला. अशा कामाला कुणीतरी सोबत लागतं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही घरापर्यंत पोचत नाहीत.

आता फोन केला की माझं पहिलं वाक्य असतं, "पोरगं तुमच्याकडंच राहणार आहे."

महिन्याभरानं गृहभेटीला गेले. सुपात कातरलेली पानं, नातू शेजारी पाढे म्हणत होता. ती पिशवी खुंटीला होती. चादर तेवढी बाहेर काढलेली, बाकीचं तसंच भरलेलं.

मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात परत जायचं आहे.