चौरस मीटरमागे ३४० वॅट

पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा शोषते, जवळजवळ तेवढीच अवकाशात परत सोडते. हवामानाबद्दल काहीही सांगायच्या आधी हे सांगायला हवं असं मला वाटतं. ‘सूर्य ऊर्जा देतो आणि पृथ्वी ती वापरते’ असं म्हटलं की ऊर्जा इथे कुठेतरी संपते असा समज होतो. ऊर्जा संपत नाही, तिचा दर्जा उतरतो. सूर्याचा पृष्ठभाग ५७७२ केल्विन तापमानाचा आहे, म्हणून त्याचं प्रारण मुख्यतः ०.३ ते ३ मायक्रोमीटर तरंगलांबीत येतं. पृथ्वी जे परत पाठवते ते १० मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण असतात. शोषलेल्या एका फोटॉनमागे (प्रकाशकणामागे) असे सुमारे वीस कमी ऊर्जेचे फोटॉन बाहेर पडतात. वारा, पाऊस, सागरी प्रवाह, गवत, मासे हे सगळं या उतरणीच्या वाटेवर घडतं.

हा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर करता येतो आणि प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावा. पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एका चौरस मीटरवर १३६१ वॅट पडतात. याला सौरस्थिरांक म्हणतात. त्याला ४ ने भागा: ३४०. नेमका हाच भागाकार अनेकांचा चुकतो. ‘अर्धी पृथ्वी अंधारात असते’ एवढंच लक्षात घेऊन बरेच जण २ ने भागतात. पण उजेडातल्या अर्ध्या भागावरही किरण बहुतेक ठिकाणी तिरपे पडतात. पृथ्वी सूर्यप्रकाश अडवते ती एका वर्तुळाएवढा, म्हणजे पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग. तो वाटला जातो तिच्या चौपट क्षेत्रफळाच्या गोलावर. म्हणून ४.

आता परावर्तन. ढग, हवा, बर्फ आणि जमीन मिळून आलेल्या प्रकाशाचे सुमारे २९ टक्के तसेच परत पाठवतात. हा झाला पृथ्वीचा अल्बेडो. उरलेले ७१ टक्के म्हणजे २४१.६ वॅट. एवढी ऊर्जा बाहेर टाकायला पृष्ठभागाचं तापमान किती हवं, ते स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमाने निघतं: बाहेर पडणारं प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतं. सोपी रीत अशी: २४१.६ ला ५.६७ ने भागा (४२.६), त्याचं वर्गमूळ घ्या (६.५३), पुन्हा वर्गमूळ घ्या (२.५५५) आणि १०० ने गुणा. उत्तर २५५.५ केल्विन. त्यातून २७३ वजा केले की उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. हे गणित केल्विनमध्येच करायचं असतं, सेल्सिअस घातलं तर चौथ्या घाताला काही अर्थच राहत नाही.

प्रत्यक्षात भूपृष्ठाचं सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. मधला ३३ अंशांचा फरक वातावरणाने निर्माण केलेला. चंद्र सूर्यापासून आपल्याइतक्याच अंतरावर आहे, पण त्याला जवळजवळ वातावरणच नाही, आणि त्याच्या विषुववृत्तावर भर दुपारी १२० अंश आणि पहाटेपूर्वी उणे १७० अंशांच्या आसपास तापमान असतं.

वरच्या गणितातला सगळ्यात नाजूक आकडा अल्बेडोचा. तो ०.२९ ऐवजी ०.३० धरला की शोषण ३.४ वॅटने घटतं आणि उत्तर जवळजवळ एका अंशाने खाली येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केल्याचा थेट परिणाम सुमारे ४ वॅटचा असतो. म्हणजे परावर्तनातला एका टक्क्याचा बदलही त्याच तोलाचा आहे. हवामानाची गणितं करणारे ढगांवर एवढी मेहनत का घेतात ते यावरून कळावं. ढग सुमारे ४५ वॅट सूर्यप्रकाश परत पाठवतात आणि खालून वर जाणारे पंचवीस-एक वॅट अवरक्त प्रारण अडवतात. निव्वळ परिणाम थंडाव्याचा, साधारण २० वॅट. मात्र तो सगळ्या ढगांचा सारखा नसतो. समुद्रावरचे जाड, खालचे ढग थंडावा देतात, कारण त्यांचा माथा उबदार असतो आणि ते उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. उंचावरचे विरळ पिंजलेले ढग प्रकाश आत येऊ देतात आणि उष्णता धरून ठेवतात, म्हणून ते पृथ्वीला ऊब देतात.

आता जमिनीवर उतरू. पृष्ठभागावर थेट सूर्याकडून सुमारे १६३ वॅट शोषले जातात. वातावरणाकडून खाली येणारं अवरक्त प्रारण मात्र सुमारे ३४० वॅट! पृष्ठभागाला सूर्यापेक्षा हवेकडून दुप्पट ऊर्जा मिळते हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला खोटं वाटतं, फुकटची ऊर्जा आली कुठून असं वाटतं. ती फुकटची नाही, कारण पृष्ठभाग स्वतः ३९८ वॅट वर पाठवतो आणि त्यातलाच मोठा भाग परत येतो. खरा तोटा ५८ वॅटचा. उरलेली ऊर्जा दोन वाटांनी वर जाते: तापलेल्या हवेबरोबर सुमारे १८ वॅट आणि बाष्पीभवनातून सुमारे ८६ वॅट. (वरच्या रीतीने २८८ केल्विनला ३९० वॅट निघतात, ३९८ नाही. कारण उष्ण प्रदेश चौथ्या घाताच्या हिशेबात जास्त भरतात. सरासरी तापमानाचा चौथा घात आणि चौथ्या घातांची सरासरी एक नसते.)

बाष्पीभवनाचा ८६ हा आकडा तपासायची एक सुंदर पद्धत आहे. वर्षात ३ कोटी १५ लाख सेकंद असतात. ८६ वॅट गुणिले एवढे सेकंद म्हणजे चौरस मीटरमागे सुमारे २७१ कोटी जूल. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २५ लाख जूल लागतात. भागाकार केला की १०८० किलो, म्हणजे १०८० मिलिमीटर पाणी. जेवढं वर जातं तेवढं खाली यायला हवं, आणि पृथ्वीचा सरासरी वार्षिक पाऊस खरोखरच एक मीटरच्या आसपास मोजला जातो. पाऊस मोजणारा आणि प्रारण मोजणारा असे दोघं एकमेकांचा हिशेब तपासू शकतात. मला हा या विषयातला सगळ्यात समाधान देणारा ताळा वाटतो.

हरितगृह परिणामाचं नेहमीचं वर्णन, ‘वायू उष्णता अडवतात’, चुकीचं नाही पण अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणातून एक हट्टी गैरसमज जन्मतो: कार्बन डायऑक्साइडचा पट्टा (तो शोषतो त्या तरंगलांबींचा) आधीच भरलेला आहे, आणखी घातल्याने काय होणार? इथे उंची मोजावी लागते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन अवरक्त किरणांना जवळजवळ पारदर्शक आहेत. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांचे रेणू मात्र ते शोषतात आणि पुन्हा सोडतात. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये हे प्रयोगशाळेत मोजलं, आणि युनिस फूट यांनी त्याआधी, १८५६ मध्ये, उन्हात ठेवलेल्या नळ्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त तापतो हे दाखवलं होतं. हे किरण शोषले-सोडले जात वर चढतात आणि हवा पुरेशी विरळ झाली की तिथून अवकाशात निसटतात. ही निसटण्याची सरासरी उंची सुमारे ५ किलोमीटर आहे. तिथलं तापमान २५५ केल्विन. तपांबरात (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात) दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी तापमान उतरतं, म्हणून ५ किलोमीटर खाली, जमिनीवर, ते ३३ अंशांनी जास्त. वायू वाढले की निसटण्याची उंची वर सरकते. वरची हवा थंड, ती कमी ऊर्जा बाहेर टाकते. मग येणारं जास्त आणि जाणारं कमी, असं होत राहतं जोवर खालचा सगळा स्तंभ तापत नाही तोवर. उंची फक्त १५० मीटरने वाढली तरी जमिनीवर सुमारे एका अंशाची वाढ होते. जमिनीलगतचा पट्टा ‘भरलेला’ असला तरी वरच्या थरात ही प्रक्रिया चालूच राहते.

‘पण सूर्यच तापला असेल तर?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मोजून देता येतं. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं एकूण प्रारण मोजत आहेत. ११ वर्षांच्या सौरडागांच्या चक्रात ते सुमारे ०.१ टक्क्याने वरखाली होतं. १.४ वॅट, भागिले ४, गुणिले ०.७१: पाव वॅट. शिवाय स्थितांबर, म्हणजे तपांबराच्या वरचा थर, साक्ष देतं. तिथे ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणून उंचीबरोबर तापमान वाढतं. सूर्य तापला असता तर हा थरही तापला असता. मोजमापं सांगतात की तो गेल्या काही दशकांत थंड होत गेला आहे. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर हेच अपेक्षित असतं, कारण तिथे तो अवकाशाकडे उष्णता टाकायचं काम करतो.

येणं आणि जाणं यांतला फरक २००६ ते २०१८ या काळात सरासरी सुमारे ०.८ वॅट होता. ३४० च्या तुलनेत नगण्य वाटतो, पण संपूर्ण पृथ्वीवर तो ४०० टेरावॅट होतो (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट), आणि सगळी मानवजात मिळून वापरते ती ऊर्जा २० टेरावॅटच्या आसपास आहे. यातला सुमारे ९० टक्के भाग समुद्रात जातो. उपग्रहांच्या उपकरणांची निरपेक्ष चूकच काही वॅटची असते, त्यामुळे एवढा छोटा फरक त्यांच्याकडून थेट निघत नाही. तो निघतो २००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारून तापमान मोजणाऱ्या आर्गो तरंडांकडून, म्हणजे समुद्रात सोडलेल्या तरंगत्या स्वयंचलित यंत्रांकडून. उपग्रह त्यातला चढउतार दाखवतात.

ऋतूंबद्दल थोडक्यात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते (१४.७१ कोटी किलोमीटर) आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला (१५.२१ कोटी). ऊर्जेत ७ टक्क्यांचा फरक पडतो, पण तो उत्तर गोलार्धाच्या ऋतूंच्या उलट आहे. ऋतू होतात ते आसाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे. त्याचा एक परिणाम अनपेक्षित आहे: २१ जूनला वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला दिवसाची सरासरी सुमारे ५२० वॅट मिळते, विषुववृत्ताला ३८५. दिवस चोवीस तासांचा असतो ना! तरी ध्रुव तापत नाही, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो, उरलेल्यातला बराच भाग बर्फ वितळवण्यात जातो, आणि हे दिवस थोडेच असतात.

वर्षाच्या हिशेबात विषुववृत्ताजवळ शिल्लक राहते आणि ध्रुवांकडे तूट. ती भरून काढायला हवा आणि समुद्र मिळून सुमारे ३५ अक्षांशाजवळ ५ ते ६ पेटावॅट (५ ते ६ हजार टेरावॅट) उष्णता ध्रुवाकडे नेतात. जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये मांडलेलं चक्र यातलं एक: विषुववृत्तावर हवा चढते, पाऊस पाडते आणि कोरडी होऊन ३० अक्षांशांच्या आसपास उतरते. उतरताना दाबली जाऊन तापते, ढग बनू देत नाही. मोठी वाळवंटं याच पट्ट्यांत सापडतात ती यामुळे.

आणि सजीव? सगळ्या वनस्पती आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म सजीव) मिळून वर्षाला साधारण १०,५०० कोटी टन कार्बन बांधतात, जवळजवळ निम्मा जमिनीवर, निम्मा समुद्रात. ऊर्जेत मोजलं तर १३० टेरावॅटच्या आसपास, म्हणजे पृथ्वी शोषते त्या १.२ लाख टेरावॅटचा हजारावा भाग. प्रकाशसंश्लेषणाला ४०० ते ७०० नॅनोमीटरचेच किरण चालतात, म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा तिथेच गळते. पुढच्या रासायनिक पायऱ्या, श्वसन वगैरे वजा जाता गहू-भातासारख्या सी-३ वनस्पतींची (सी-३ आणि सी-४ या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन रीती) सैद्धांतिक मर्यादा ४.६ टक्के येते, मका-उसासारख्या सी-४ वनस्पतींची ६ टक्के. शेतात एक-दोन टक्के मिळाले तरी पीक उत्तम म्हणायचं.

पण जास्त ऊन म्हणजे जास्त जीवन, हे समीकरण समुद्रात साफ फसतं. उष्ण कटिबंधातला निळाशार समुद्र प्रकाशाने न्हालेला असतो आणि जवळजवळ ओसाड असतो. ऊन वरचं पाणी तापवतं, ते हलकं होऊन वरच राहतं, आणि खालच्या थंड पाण्यातली नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकद्रव्यं वर येऊ शकत नाहीत. पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाजूला ढकलतो, खालचं वर येतं आणि मासळीची रेलचेल होते. तिथल्या माशाला प्रकाशाइतकाच वाराही पोसतो, आणि वारा पुन्हा सूर्याने केलेल्या असमान तापण्यातूनच आलेला.

जमिनीवर पानाचं मोठं काम साखर बनवणं नसून पाणी उडवणं आहे, निदान ऊर्जेच्या हिशेबात तरी. सी-३ वनस्पती कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेताना पाण्याचे सुमारे ४०० रेणू गमावते. ते उडवायला साखरेत साठलेल्या ऊर्जेच्या तीस-चाळीस पट ऊर्जा लागते. म्हणून दमट प्रदेशातलं जंगल तोडलं की तीच ऊर्जा वाफेऐवजी हवा तापवण्याकडे वळते. हिमाच्छादित प्रदेशात गणित उलटतं. उघड्या बर्फाचा अल्बेडो ०.८, त्यावर उभ्या सूचिपर्णी वनाचा ०.२ ते ०.३. वसंतात २०० वॅट ऊन असेल तर जंगल चौरस मीटरमागे शंभरेक वॅट जास्त शोषतं. त्या झाडांनी बांधलेल्या कार्बनच्या फायद्यातून हे शोषण वजा करावं लागतं. म्हणून वनीकरणाने हवामान किती थंड होईल असा आकडा समोर आला तर आधी तीन गोष्टी पाहा: अक्षांश किती, बर्फ वर्षातले किती महिने टिकतो, आणि झाडांना उडवायला पाणी आहे का. फक्त टन कार्बन दिला असेल तर हिशेबाचा अर्धाच भाग दिलेला आहे.