बर्थडे, बर्डी अन् बंद इतवारी

माझा वाढदिवस 26 जानेवारीला येतो, त्यामुळे नोकरीत एकदाही त्यासाठी सुट्टी टाकावी लागली नाही आणि एकदाही कोणी माझ्यासाठी ऑफिसात केक आणला नाही. लहानपणी बाबा म्हणायचे, बघ, तुझ्यासाठी गावभर झेंडे लावले, जिलब्या वाटून राहिले लोक. तिसरीपर्यंत मी ते खरं मानलं.

यंदा तो सोमवारी आला, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस. ऑफिसातल्या दोघी बर्थडेला बँकॉकला जाऊन आल्या होत्या, त्यांचे बाजारातले फोटो बघून मलाही वाटायला लागलं होतं की आपणही जावं, तर नवऱ्याने शांतपणे माझा पासपोर्ट काढून दाखवला, तो संपून वर्षं झाली होती. पुण्याहून भाची आलेली, ती म्हणाली, मावशी, नागपूरच फिरव ना मला, टूरिस्टसारखं. मी म्हटलं, आपल्या गावात काय बघायचं? आणि तिथेच फसले.

शनिवारी मेट्रोने झिरो माइल. मी त्या दगडासमोरून हजार वेळा तरी गाडी काढली असेल. उतरायच्या आधी भाचीने सहज विचारलं, तिथे घोडे किती आहेत गं? मी ठणकावून सांगितलं, दोन. निघाले चार. इंग्रजांनी देशाची मोजणी केली तेव्हाची ती खूण, शेजारच्या दगडावर जबलपूर, हैदराबाद, शिवनी, छिंदवाडा असे गावांचे मैल कोरलेले. भाची दगडाला दोन चकरा मारून आली आणि म्हणाली, पुणं नाहीये. मी काही बोलले नाही. गरजच नव्हती.

मग कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे. पोह्यांवर चण्याची ती लाल तर्री ओतली की पुण्याच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण पोरीने डोळ्यातून पाणी काढत का होईना दोन प्लेटा संपवल्या, म्हणून तिला पूर्ण मार्क.

तिथून बर्डी. सीताबर्डी असं अख्खं नाव इथे फक्त रेल्वेने आलेला पाहुणा घेतो. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाच्या दोघा भावांवरून शीतलाबद्री, त्याचं सीताबर्डी झालं म्हणतात. मेन रोडवर मला एक पर्स आवडली. साडेचारशे. भाचीसमोर इम्प्रेशन मारायचं म्हणून मी म्हटलं, दोनशे. तो म्हणाला, दीदी, तीनसौ लास्ट. आता यातली आपली जुनी ट्रिक अशी की पाठ फिरवून चालायला लागायचं, दहा पावलांत हाक येते. मी दहा पावलं गेले. वीस गेले. मग उगाच एका ठेल्यावरच्या क्लिपा बघत उभी राहिले, कान मागे. हाक काही आली नाही, काऊन की त्याने तोवर तीच पर्स दुसऱ्या बाईला दाखवायला घेतली होती. शेवटी भाची गेली, काय बोलली देव जाणे, अडीचशेत घेऊन आली. ही पुण्याची पोरगी! बर्डीत! मला तीन दिवस हेच सहन करावं लागलं.

रविवारी तिला इतवारी दाखवायला नेलं. आमच्या गावात आख्खा आठवडा वस्तीला आहे, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, ज्या त्या वाराचा बाजार भरायचा तिथे. इतवार म्हणजे रविवार, तर मी मोठ्या तोऱ्यात तिला रविवारचा बाजार बघायला घेऊन गेले आणि बघते तर बहुतेक शटर खाली. रविवारच्या नावाचा बाजार आज रविवारीच सुट्टी घेतो, हे मला या वयात कळलं. ठेल्यावरची संत्री तेवढी घेतली, आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं आधीचं पीक, संपत आलेला, नंतरच्या मृग बहाराची जेमतेम यायला लागलेली, त्यामुळे निम्मी आंबट निघाली.

संध्याकाळी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा घेतली ती जागा. स्तूपाच्या आत आवाज नुसता घुमतो, तिथे आम्ही दोघी पहिल्यांदा दिवसभरात गप्प बसलो.

सोमवारी किल्ला. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातून मोजके दिवस लोकांना उघडतात, त्यातला एक माझा वाढदिवस. बाबा दर वर्षी म्हणायचे, पुढच्या 26 ला नेतो. पुढचं 26 कधी आलंच नाही, आणि मीही नंतर कधी एकटी गेले नाही. 1817 च्या नोव्हेंबरात इथेच आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. त्या टेकडीवर आता शाळेची पोरं कागदी झेंडे घेऊन उड्या मारत होती. खाली स्टेशन, बर्डी, मेट्रोचा पूल. भाची म्हणाली, तुमचं घर कुठंय यात? मी पाच मिनिटं बोट फिरवत राहिले, सापडलं नाही.

खाली उतरून जिलबीच्या लाइनीत लागलो तर लाइन पार रस्त्यावर. भाची पुढे जाऊन म्हणाली, काका, मावशीचा बर्थडे आहे, आधी द्या ना. जिलब्या तळणाऱ्याने मान वर केली नाही. म्हणाला, आज तं साऱ्यांचाच हाय ताई, लाइनीत या.

अर्ध्या किलोला पस्तीस मिनिटं लागली.