ही कढई मी वाहणार नाही

चीनच्या झेजियांग प्रांतातल्या योंगकांगला तवे-कढयांचे इतके कारखाने आहेत, की दुभाष्याला काम कमी पडत नाही. त्या दिवशी मी पुण्याच्या एका भांडीवाल्या शेठबरोबर होते. नॉनस्टिक कढईचा नमुना टेबलावर होता. कानाच्या रिव्हेटपाशी शेठनी नख लावलं आणि लेपाचा पापुद्राच हातात आला.

क्वालिटीवाल्यांनी लगेच लेप विभागाकडे बोट दाखवलं. हा लेप सुमारे ४०० अंशांवर भाजावा लागतो. म्हणे भट्टी कमी तापली. त्या विभागाचा सुपरवायझर ताडकन उठला, ‘जऽ ग ग्वो, वो बू बेइ!’

शेठच्या मोबाइलने तत्परतेने अनुवाद केला: ‘मी ही कढई वाहणार नाही.’

‘म्हणजे माल पाठवणारच नाही? आणि आमचा अ‍ॅडव्हान्स?’ शेठ भडकले.

‘शेठ, मालाचं नाही बोलत तो. खापर माझ्या डोक्यावर फोडू नका, म्हणतोय.’

चिनीत दुसऱ्याचा दोष अंगावर घेणं म्हणजे काळी कढई पाठीवर वाहणं, आणि आपला दोष दुसऱ्यावर ढकलणं म्हणजे कढई भिरकावणं. (आपण फोडतो, ते वाहतात, भांड्याची सुटका कुठेच नाही.) पण मालक आणि गिऱ्हाईक समोर असताना हे तोंडावर बोलायला हिंमत लागते. खोलीतले सगळे चहाच्या कपात बघत बसले.

जेवताना मालकाचे वडील शेजारी होते. ‘कढईचं झाकण उघडत नाही’ म्हणजे घरात दाणा नाही, हे त्यांनीच सांगितलं. १९५८ मध्ये, माओच्या ‘मोठी झेप’ मोहिमेत, त्यांच्या आईची लोखंडी कढई पोलाद करायला गावच्या भट्टीत गेली. चूल बंद, जेवण कम्यूनच्या, म्हणजे गावांच्या सामूहिक संस्थेच्या, भोजनगृहात. काम करा न करा, सारखंच मिळतं त्याला आजही ‘मोठ्या कढईतला भात’ म्हणतात. ‘पुढे मोठ्या कढईतही काही उरलं नाही,’ म्हणाले, आणि माझ्या वाटीत आणखी मासा वाढला.

दुपारी कारण सापडलं. लेपाआधी अ‍ॅल्युमिनियम धुऊन तेलकटपणा काढतात, तिथेच हयगय झाली होती. भट्टी ठीक होती. धुलाई विभागाच्या माणसाला मीटिंगला बोलावलंच नव्हतं.

नवा माल तपासून होईपर्यंत शेठनी उरलेले ७० टक्के रोखून धरले. अ‍ॅप मात्र मोबाइलमध्ये ठेवलं; छोट्या कामांना माझी फी वाचते म्हणे.